लगाम धरणारा आणि सारथी



वर्षावास सरत आला की सानगडी-साकोलीच्या या पट्ट्यात आपल्या घराघरांतून नागपूरला जाण्याची तयारी सुरू होते. कोणी एस.टी.ने निघतो, कोणी काळीपिवळीने, कुठे पाच-सहा घरे मिळून एक गाडी ठरवितात, आणि तरुण मंडळी मोटारसायकलींना निळे झेंडे बांधून निघतात. दीक्षाभूमीवर पोचल्यावर कसे वागावे हे आपण सर्वजण जाणतो. तेथे लाखोंच्या गर्दीत कोणाचा पायावर पाय पडला तरी आपण 'जय भीम' म्हणून बाजूला होतो. परंतु घरून निघाल्यापासून नागपूर येईपर्यंतच्या वाटेवर आपण कसे वागतो? त्या वाटेबद्दल विहारात सहसा कोणी बोलत नाही. आज त्याच वाटेबद्दल बोलावयाचे आहे. रस्त्यावर दुसऱ्या गाडीवाल्याचा जो राग येतो, तो आजचा विषय.

कोणी म्हणेल, हा काय प्रवचनाचा विषय झाला? चार आर्यसत्ये सोडून हॉर्न आणि ब्रेकच्या गोष्टी? पण बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो मेल्यानंतरच्या मुक्तीसाठी दिला नाही. माणसाने माणसाशी याच जगात कसे वागावे, हा त्यांच्या दृष्टीने धम्माचा गाभा होता. आता विचार करा, ज्याचे नाव, गाव, जात आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाशी आपला संबंध सर्वांत जास्त कोठे येतो? घरी नाही, शेतावर नाही, विहारातही नाही. तो येतो रस्त्यावर. मैत्रीभावनेत आपण सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंतितो. त्या सर्व प्राणिमात्रांत समोरून डोळ्यांवर प्रखर दिवा मारीत येणारा ट्रकवालाही येतो. आणि मैत्रीची परीक्षा द्यावयाची तर त्याच्याच बाबतीत द्यावी लागते, कारण विहारात शेजारी बसलेल्या उपासकावर मैत्री करणे काही फार अवघड नाही.

शिवाय हा विषय जीवनमरणाचा आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचा वाटा सर्वांत मोठा होता. हे सारे मृत्यू रागामुळे झाले असे कोणी शहाणा म्हणणार नाही. रस्ते वाईट असतात, वेग असतो, दारू असते, रात्री मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असते. परंतु 'कट मारल्याच्या वादातून' हे शब्द वर्तमानपत्रात किती वेळा वाचावयास मिळतात, ते आठवून पाहा. एकाने दुसऱ्याच्या पुढे गाडी घातली, दुसऱ्याने पाठलाग केला, पुढच्या चौकात अडविले, आणि कोणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा गेला. भांडणाचे कारण विचारावे तर हाताच्या वितीएवढी जागा!

मज्झिम निकायात वेदेहिका नावाच्या गृहिणीची कथा आहे. श्रावस्तीत तिची ख्याती होती की बाई फार शांत, फार सोशीक. तिची दासी काली कामात हुशार होती. तिच्या मनात आले, मालकिणीला राग नाहीच, की माझे काम चोख आहे म्हणून तो दिसत नाही? पाहू या. ती मुद्दाम उशिरा उठली. पहिल्या दिवशी मालकिणीच्या कपाळाला आठ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी तोंडातून कठोर शब्द निघाले, आणि तिसऱ्या दिवशी तिने दाराचा अडसर उचलून कालीच्या डोक्यात घातला. भगवंतांनी ही कथा भिक्खूंना सांगितली. सारे मनासारखे चालले आहे तोवरची शांती ही शांती नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते. आज आपली काली म्हणजे साकोलीचा रस्ता. तो रोज थोडा उशीर करतो आणि आपण कसे आहोत ते पाहतो.

आता थोडे खोलात जाऊ. गाडीवर बसलेल्या माणसाला राग कशाचा येतो? उशीर होतो म्हणून? मला तसे वाटत नाही. बंडी आडवी आली, म्हशींचा कळप आला, तर आपण कुरकुर करतो आणि थांबतो. म्हशींशी कोणी भांडत नाही. परंतु तेवढाच उशीर दुसऱ्या माणसाने केला की डोके तापते. 'हा कोण मोठा लागून गेला? मला साईड देत नाही? मला हॉर्न मारतो?' यातला 'मला' हा शब्द नीट ऐका. दुखावलेला असतो तो मान. पाली ग्रंथांतही या विकाराचे नाव मान हेच आहे, आणि माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा संयोजनांत त्याची गणना आहे.

आणि आपल्या समाजाला तर हा मान फार जपून हाताळावा लागतो, कारण रस्त्यावर आपला अपमान झाल्याचा इतिहास खरा आहे, तो कल्पनेतला नाही. केरळात वायकोम येथे देवळाभोवतालच्या नुसत्या सडकांवरून चालता यावे म्हणून १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग घ्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ते आहेत.

पहिला प्रसंग लहानपणचा. वडील कोरेगावला नोकरीस होते. मुले सुटीत त्यांच्याकडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एकजण कबूल झाला तो अशा अटीवर की मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि तो बाजूने पायी चालेल. पोरांच्या हाती कासरे आले.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. बाबासाहेब त्या वेळी बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. धुळ्याकडील काम आटोपून ते चाळीसगावला उतरले, कारण तेथील आपल्या बांधवांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनावर बराच वेळ थांबावे लागले. मग टांगा आला आणि ते बसले. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पोलीस ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. पुढे नदीवरचा दगडी पूल होता. त्याला कठडे नव्हते, नुसते अंतरा-अंतरावर दगड बसविलेले होते. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले जाऊन फरशीवर पडले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत गेला. ते बेशुद्ध झाले. पायाचे हाड मोडले, कित्येक दिवस हालचाल करता आली नाही.

हे असे का झाले, ते त्यांना नंतर कळले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास नकार दिला होता. मग तडजोड झाली ती अशी की टांगा त्यांचा, हाकणारा मात्र आपला. आपल्या मंडळींना वाटले, एवढा मोठा माणूस, तो पायी कसा चालेल? ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा एकजण पुढे बसला. त्यात प्रेम होते, आदर होता. तरीही बाबासाहेबांनी या प्रसंगाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंना तोलले आहे. टांगेवाल्याचा खोटा मोठेपणा त्यांनी उघडा केला. पोटासाठी टांगा हाकणारा माणूसही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उच्च समजतो, ही जातीची करामत त्यांनी दाखविली. आणि त्याच वेळी आपल्या माणसांबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहिले की त्यांनी पाहुण्याचा मान राखण्यासाठी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, आणि जीव मानापेक्षा मोठा हे ते विसरले.

बंधूंनो, हे दुसरे वाक्य आपण फार कमी सांगतो. पहिले आपण सभेत सांगतो, कारण त्यात दोष दुसऱ्याचा आहे. मला वाटते दुसरे वाक्य गाडीच्या चावीला बांधून ठेवावे असे आहे.

धम्मपदाच्या क्रोधवर्गात, २२२ व्या गाथेत, तथागतांनी उसळलेल्या रागाला भरधाव सुटलेल्या रथाची उपमा दिली आहे. असा राग जो आवरतो तोच त्यांच्या लेखी सारथी ठरतो, इतरांची गणना ते नुसत्या लगाम धरणाऱ्यांत करतात. अट्ठकथेत या गाथेमागे झाड तोडणारा एक भिक्खू आणि रागावलेली वृक्षदेवता यांची गोष्ट दिली आहे. वृक्षदेवता आपण मानत नाही, ती बाजूला ठेवू. उपमा मात्र जशीच्या तशी आपल्या उपयोगाची आहे. परवाना मिळाला म्हणजे लगाम धरता येतो एवढेच सिद्ध होते. आज आपल्या घरोघर मोटारसायकल आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, आपली मुले एस.टी. चालवितात, ट्रक चालवितात. मसूरच्या त्या पोरांपासून इथवर आपण आलो ही लहान गोष्ट नव्हे. लगाम आपल्या हाती आला. आता सारथी व्हावयाचे आहे.

'पण साईड आम्हीच का द्यायची?' हा प्रश्न तरुण विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आमचा बाप रस्त्याच्या कडेला सरकत आला, आता आम्हीही सरकायचे काय? याचे उत्तर एका जातककथेत फार सुंदर रीतीने आले आहे. राजोवाद जातक तिचे नाव. जातकांतील पूर्वजन्माचा भाग आपण इतिहास म्हणून धरीत नाही, पण कथा ऐकण्यासारखी आहे.

वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त रथातून निघाला होता. आपल्यातले दोष कोणी सांगेल काय हे शोधीत तो वेष पालटून हिंडत होता. कोसलचा राजा मल्लिक हाही त्याच शोधात निघालेला. दोघांचे रथ एका खोलगट, अरुंद गाडीवाटेवर समोरासमोर आले. बाजूला व्हायला जागा नाही. एकाचा सारथी म्हणतो, तुझा रथ मागे घे, यात वाराणसीचा राजा बसला आहे. दुसरा म्हणतो, तूच घे, यात कोसलचा राजा आहे. आपल्या कोणत्याही नाल्यावरच्या अरुंद पुलावर चालतो तोच हा वाद! मग सारथ्यांनी ठरविले की जो मोठा असेल त्याचा रथ पुढे जाईल. वय विचारले, सारखे निघाले. राज्याचा विस्तार सारखा. सैन्य, संपत्ती, कीर्ती सारखी. शेवटी जात, गोत्र, कुळ विचारले, तेही सारखे. म्हणजे या साऱ्या मोजपट्ट्या वापरून झाल्या आणि रस्ता तसाच अडलेला राहिला! जातीचा उपयोग रस्ता मोकळा करण्याला कधीच झालेला नाही, हे कथाकाराला ठाऊक असावे.

मग शीलाचा प्रश्न निघाला. मल्लिकाचा सारथी अभिमानाने म्हणाला, माझा राजा कठोराशी कठोर वागतो आणि मऊ माणसाशी मऊ, भल्याला भलेपणाने जिंकतो आणि वाईटाला वाईटपणाने. दुसऱ्याने विचारले, हे गुण असतील तर मग दोष कोणते? माझा राजा रागावलेल्याला राग न धरता जिंकतो, वाईटाला चांगुलपणाने, कृपणाला दानाने, खोटे बोलणाऱ्याला सत्याने. हे ऐकताच मल्लिक राजा आणि त्याचा सारथी दोघेही खाली उतरले, घोडे सोडले, रथ बाजूला ओढला आणि वाट दिली.

या कथेत कमीपणा कोणाला आला? वाट देणारा मल्लिक काही लहान झाला नाही. तो वाराणसीच्या राजाकडून धडा घेऊन परत गेला. पूर्वी आपला बाप कडेला सरकत होता तो भीतीमुळे, कारण न सरकल्यास लाठी पडत होती. आज ज्याला सरकण्याची सक्ती नाही तो दुसऱ्याचा जीव जपण्यासाठी गाडीचा वेग कमी करतो, तेव्हा तो क्षांती पारमितेचे आचरण करीत असतो. दहा पारमितांचे पालन करीन असे आपण बाराव्या प्रतिज्ञेत म्हटले आहे, आणि क्षांती ही त्या दहांतलीच एक. वरून दोन्ही सरकणी सारखीच दिसतात. फरक आहे तो आतून.

मात्र येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, नाहीतर क्षांतीच्या नावाखाली भेकडपणा शिरेल. कोणी कट मारला, हॉर्न वाजविला, 'दिसत नाही काय' म्हणून ओरडला, तर ते सोडून द्यावे. आक्रोश भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना शिव्या देत आला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले होते की तू पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे राहते? तशी रस्त्यावरची शिवी न घेता पुढे जावे. ती त्याच्यापाशीच राहील. परंतु कोणी चारचौघांत जातीचे नाव घेऊन शिवी दिली, तर तो रस्त्यावरचा किरकोळ वाद राहत नाही. तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धर्मांतर केले म्हणून आपण त्या कायद्याबाहेर जात नाही, कारण १९९० सालापासून अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायद्याने मिळालेला आहे. तेथे मुठी आवळू नयेत. गाडीचा नंबर लिहून घ्यावा, पाहणाऱ्या दोघा-चौघांची नावे घ्यावी आणि सरळ पोलीस ठाण्यात जावे. चाळीसगावी पाय मोडलेल्या बाबासाहेबांनी टांगेवाल्याला शोधून मारले नाही. ते पुन्हा चौकशीच्या कामाला लागले. जो अन्याय आहे तो कागदावर आणावा, आणि जो नुसता उद्धटपणा आहे तो रस्त्यावरच सोडावा. यांतला फरक ओळखण्यास डोके थंड लागते.

ते थंड कसे ठेवावे? काही साध्या सवयी आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी सवय म्हणजे वेळेआधी निघणे. अर्धा राग उशिराच्या पोटी जन्मतो. ज्याला दहा वाजता कचेरीत पोचायचे आहे आणि जो साडेनऊला घराबाहेर पडतो, त्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वैरी वाटणारच. वितर्कसंठान सुत्तात भगवंतांनी एक दाखला दिला आहे. एक माणूस घाईने चालला असतो. त्याच्या मनात येते, मी इतक्या घाईने का चाललो आहे? मग तो सावकाश चालू लागतो. मग वाटते, चालतो तरी कशाला, उभा राहावे. मग तो बसतो, आणि शेवटी आडवा होतो. मनातले वाईट विचार असेच एकेक पायरी शांत करता येतात, असा त्याचा अर्थ. मोटारसायकलवर आडवे होता येत नाही हे खरे! परंतु पहिला प्रश्न तरी विचारता येतो. राग चढू लागला की हँडलवर मुठी घट्ट होतात, खांदे वर चढतात, दात आवळले जातात. हे शरीराचे लक्षण ओळखावे, हीच स्मृती. मुठी सैल कराव्या, मागच्या गाडीला हाताने पुढे जाण्याची खूण करावी आणि चार-पाच श्वास येता-जाता पाहावे. डोळे मात्र रस्त्यावरच ठेवावे. डोळे मिटून करायचे ध्यान विहारात.

आपल्या भागात धान कापणीचे दिवस वेगळे धरले पाहिजेत. त्या दिवसांत रस्त्यावर धानाच्या भाऱ्यांच्या बंड्या असतात, कोठे सडकेवर धान वाळत असते, संध्याकाळी थकलेले मजूर एकाच ट्रॅक्टरवर बसून घरी चाललेले असतात. त्यांना हॉर्न मारून काय साधणार? तीही आपलीच माणसे, आणि आपली नसली तरी माणसेच. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी आणि दिवा लावावा, यालाही मी शीलपालनच म्हणेन. प्राणिमात्रांचे पालन करण्याची तेरावी प्रतिज्ञा तेथे लागू पडते. रात्री समोरून गाडी आली की दिवा खाली करावा. समोरच्याने केला नाही तर सूड म्हणून आपलाही प्रखर करू नये, कारण त्यामुळे एकाऐवजी दोघे आंधळे होतात.

दारूबद्दल जास्त बोलत नाही. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की शिक्षा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या सतराव्या प्रतिज्ञेची मर्यादा शून्य आहे. १४ एप्रिलला मिरवणुकीतून परतताना जे घडते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तेव्हा झेंडा निळाच असतो.

लेकरांचा विचार करा. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसलेला चार वर्षांचा मुलगा बापाच्या तोंडून निघालेली शिवी सर्वांत जवळून ऐकतो. त्याला त्रिशरण-पंचशील विहारात शिकविले जाते, आणि दुसरा धडा त्याच रस्त्यावर मिळतो. (लहान मुलाला टाकीवर बसविणेच मुळात चुकीचे, पण तो वेगळा विषय. हेल्मेटचाही.) माय-बहिणी मागे बसलेल्या असतात. त्या म्हणतात, 'हळू चालवा ना जी,' आणि त्यांना उत्तर मिळते, 'तू गप्प बस, तुला काय समजते?' कित्येक घरांत रस्त्यावरचा राग असा उंबऱ्याच्या आत येतो आणि रात्रीचे जेवण कडू करतो. मागे बसलेल्या बाईला रस्ता दिसत असतो आणि तिला त्यात हारजीत नसते, म्हणून तिचा अंदाज पुष्कळदा आपल्यापेक्षा बरा असतो.

म्हणून यंदा अशोक विजयादशमीला ज्या घरांनी मिळून गाडी ठरविली आहे त्यांना माझी एक सूचना आहे. पहाटे लौकर निघा, म्हणजे साकोलीला सर्वांचा चहा होईल आणि भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलाअलीकडे थोडा थांबा घेता येईल. गाडी हाकणाऱ्याला आदल्या रात्री झोप मिळाली की नाही ते विचारा. परतीला दमलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका, रात्र तेथेच काढा आणि सकाळी निघा. आणि चालकाच्या शेजारची जागा घरातल्या एखाद्या जाणत्या मायबाईला द्या. ती 'हळू' म्हणाली की गाडी हळू झाली पाहिजे, हे निघण्याआधी सर्वांसमक्ष ठरवून घ्या, आणि चालकाकडून तसा होकार घेऊनच त्रिशरण म्हणा.